गॅरेजमधला करंज

आमच्या गल्लीत हिवाळाभर एकच गाडी उघड्यावर बर्फ खात उभी असते, आणि ती गाड्यांच्या इंजिनिअरची आहे. मिशिगनमधल्या ट्रॉयसारख्या गावात गॅरेज असताना गाडी बाहेर ठेवायची, म्हणजे घरात पलंग असताना अंगणात झोपायचं. रोज सकाळी वानखडेकाका टोपी, मफलर आणि त्यावर आणखी एक टोपी अशा अवतारात बाहेर येतात आणि अर्धा तास काच खरवडत बसतात. आणि आत गॅरेजमध्ये, छोट्याशा हीटरशेजारी, दोन गोधड्या लपेटून एक झाड उभं असतं.

"गाडी काय बाप्पा, लोखंड आहे," काका म्हणतात. "करंज जीव आहे."

गॅरेज दोन गाड्यांचं आहे. एका बाजूला झाड आणि दुसऱ्या बाजूला झाडाचं सामान.

आम्ही या गल्लीत घर घेतलं त्याला सात वर्षं झाली. मी सांगलीची, नवरा महेश पुण्याचा, दोघंही गाड्यांच्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. सामान उतरवत होतो तेव्हाच काका दारात हजर. नव्या शेजाऱ्याकडे लोक केक नेतात, फार तर लाडू नेतात. काकांच्या हातात पिवळट काळ्या तेलाची बाटली होती. "करंजाचं तेल. खाज, खरूज, कोंडा, दाराचं कुरकुरणं, सगळ्यावर चालते. पिऊ नका फक्त." एवढं बोलून त्यांनी आमच्या मुलीच्या, ईराच्या, डोक्याकडे असं काही पाहिलं, की ती माझ्या मागे लपली. त्यानंतर आठवड्याभरात मी ते तेल तिच्या डोक्याला लावलंही. कोंडा गेला हे खरं. स्कूलबसमध्ये ईराच्या शेजारी बसणारी मैत्रीणही गेली.

ज्यांना करंज ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण काकांच्या तावडीत सापडलात तर तास जाईल. ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, कुणी पाणी न घालता वाढणारं आपल्याकडचं झाड. चकचकीत पानं, फिक्या जांभळ्या फुलांचा सडा आणि चपट्या शेंगा. शेंगेतल्या बियांचं तेल कडू जहर. पण याच तेलावर पूर्वी दिवे जळायचे, साबण व्हायचा, कातडं कमावलं जायचं, गुराढोरांच्या जखमा भरायच्या. तेल काढून उरलेली पेंड शेतात टाकली की खताचं काम होतं आणि वाळवीही फिरकत नाही. पानं धान्याच्या कोठीत ठेवतात, काडीनं दात घासतात, मुळं ओढ्याची माती धरून ठेवतात, आणि आता म्हणे या तेलावर इंजिनंही चालतात. हे सगळं मला काकांकडून मिळालं आहे, न मागता.

"करंजात सगळं आहे, बाप्पा," हे त्यांचं पालुपद. तुम्ही गुडघेदुखी म्हणा, लॉनवरचे ससे म्हणा, पेट्रोलचे भाव म्हणा, शेवट तिथेच.

ज्या वर्षी त्यांनी आमच्या टोमॅटोला करंजाची पेंड घातली त्या वर्षी ससे खरंच आले नाहीत. हरणंही आली नाहीत. पलीकडच्या घरातल्या बाईंनी मात्र घरमालकांच्या असोसिएशनकडे लेखी विचारणा केली, की आमच्या अंगणात काही मेलं आहे का. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला काकांनी स्टेजवर करंजाच्या तेलाची समई लावली. "मूळ परंपरा," असं ते माइकवर सांगत होते, तेवढ्यात शाळेच्या हॉलचा फायर अलार्म वाजला आणि दोनशे माणसं रेशमी कपड्यांत पार्किंग लॉटमध्ये कुडकुडत उभी राहिली. तिथेही काका एकेकाजवळ जाऊन सांगत होते, "धूर झाला नं, म्हणून डास येत नाहीत." नोव्हेंबरात मिशिगनमध्ये डास.

काकूंचं नाव शालिनी, काका शालू म्हणतात. बाई कमी बोलणाऱ्या. काकांचं सुरू झालं की त्या "झालं यांचं करंजपुराण" असं पुटपुटतात आणि चहा टाकायला जातात. आम्हा सगळ्यांना त्यांची दया यायची. एका वेड्या हौसेपायी बिचारीची गाडीसुद्धा बर्फात.

मला मात्र या झाडाबद्दल पहिल्यापासून कुतूहल होतं, आणि मला कुतूहल वाटलं की ते मी मिटवल्याशिवाय राहत नाही. महेश याला भोचकपणा म्हणतो. तर काही गोष्टी माझ्या नजरेत भरल्या होत्या. एक म्हणजे, एवढे करंजाचे भक्त, पण स्वतःच्या झाडाचं एक पान कधी कुणाला देत नाहीत. मी दात घासून बघायला काडी मागितली, तर म्हणाले, "घरच्या झाडाची काडी मोडू नये पोरी," आणि वर्ध्याहून कुणाच्या तरी बॅगेतून आलेली वाळकी जुडी माझ्या हातात ठेवली. दुसरं म्हणजे, वीस-बावीस वर्षांच्या झाडाला एक शेंग नाही. विचारलं तर, "त्याला अजून ग्रीन कार्ड नाही मिळालं नं बाप्पा. मिळालं की संसार करेल." आणि तिसरं म्हणजे फोटो. एकदा ईरा फोन घेऊन झाडाजवळ गेली, तर काका आडवे आले. "फोनच्या लहरी असतात, झाडाले चालत नाहीत." काकूही तेव्हाच पुढे झाल्या, "दृष्ट लागते गं." ईरा म्हणाली, "बट काका, इट्स जस्ट अ ट्री." नवराबायकोचं कधी नव्हे ते एकमत झालेलं बघून मला गंमत वाटली होती.

दरवर्षी ऑक्टोबरात झाड आत घेण्याचा सोहळा असतो. आठवडाभर आधी पाच घरांना ईमेल जाते, विषय: 'करंज आत'. काकांनी उभी हयात मोटारींच्या धक्के शोषणाऱ्या दांड्यांवर काम करण्यात घालवली. त्यामुळे झाडाच्या पिंपाखाली त्यांनी एक गाडा बनवला आहे, त्याला चार शॉक ॲब्सॉर्बर. "आमच्या गाडीपेक्षा करंजाची राइड स्मूथ आहे," असं महेश दरवर्षी म्हणतो आणि काका दरवर्षी खूश होतात. पाच पुरुष ढकलतात, काका पुढे उलटे चालत "हळू, हळू" करतात, दाराच्या सात फुटांतून आठ फुटांचं झाड तिरकं करून आत जातं, आणि मग काकूंच्या गरम सांबारवड्या, म्हणजे नागपूरकडच्या कोथिंबिरीच्या वड्या. काकू त्या वेळी दारात उभ्या असतात. "फांदी अडकेल हं," एवढंच म्हणतात, आणि झाड समोरून गेलं की एका पानाला हात लावतात.

मागच्या ऑक्टोबरात या सोहळ्याला माझी आई होती.

आई सांगलीला कॉलेजात बॉटनी शिकवून रिटायर झाली. तिनं आयुष्यात कुणाला अर्धा मार्क फुकट दिलेला नाही. माझ्या लग्नात हाराच्या फुलांची नावं भटजींनी चुकीची सांगितली, तर तिनं विधी थांबवून दुरुस्त केली होती. अशी बाई येणार म्हटल्यावर काकांना केवढा आनंद होईल, असं मला वाटलं होतं. तर काका बावरलेच. "ताई, तुम्ही आत बसा, थंडी आहे," असं तीनदा म्हणाले. आईला थंडी वाजत नव्हती. ती सरळ झाडापाशी गेली.

पानं पिवळी धमक झाली होती. आईनं चष्मा वर केला, एक फांदी खाली ओढली, पानं फांदीला कुठे चिकटतात ते पाहिलं, खोडावरून बोट फिरवून वास घेतला. पाचही पुरुष गाडा धरून उभे.

"काय आई, करंज पास का?" महेशनं विचारलं.

आईनं मान वर केली. समोर काका, दोन्ही हात पिंपावर. सात वर्षांत मी त्यांना इतका वेळ गप्प पाहिलं नव्हतं. त्यांच्या मागे दारात काकू, हातात वड्यांचं ताट. आईनं आधी काकांकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"झाड छान जपलंय," ती म्हणाली. "घ्या आत."

माझ्या आईनं प्रश्न सोडून भलतंच उत्तर दिलं होतं. मला वडी गोड लागली नाही. घरी येऊन दार लावलं आणि विचारलं.

"करंज नाही तो," आई म्हणाली. "करंजाची पानं फांदीवर एकाआड एक येतात, याची समोरासमोर आहेत. ॲश आहे, इथलंच झाड. तुमच्या गल्लीत ते बुंधे कापलेत ना ओळीनं, तेच."

गल्लीत पूर्वी दुतर्फा ॲशची झाडं होती, हे जुने लोक सांगतात. हिरवा भुंगेरा आला, सालीखालून पोखरत गेला आणि सगळी तोडावी लागली. त्यांचंच एखादं बी उडून काकांच्या कुंडीत पडलं असणार. म्हणजे वीस वर्षं गल्लीतले लोक, त्यातली सात आम्हीही, मिशिगनच्या झाडाला मिशिगनच्या थंडीपासून वाचवत होतो. मला हसू आवरेना. म्हशीला रेनकोट घालण्याचाच प्रकार.

आई हसली नाही. "मुळं पिंपात गरगर फिरली आहेत. याला जमीन हवी, मोकळी हवा हवी. असंच ठेवलं तर दोन-तीन वर्षांत जाईल."

"मग सांगितलं का नाहीस?"

"त्या बाईचा चेहरा बघितलास?"

आठवडा गेला. सांगितलं तर काकांचं काय होईल याची धास्ती, आणि न सांगितलं तर झाड मरणार. शेवटी शनिवारी मीच गेले. शनिवार हा खोडाला तेल चोळायचा दिवस. काका स्टुलावर बसून जुन्या बनियनच्या तुकड्यानं खोड चोळत होते, लहान मुलाला न्हाऊ घालायच्या आधी चोळावं तसं.

"काका, आई म्हणत होती..."

"ॲश आहे म्हणाली असेल," काका म्हणाले. हात थांबला नाही.

मी खालीच बसले, पेंडीच्या पोत्यावर.

"पहिल्या उन्हाळ्यापासून माहीत आहे पोरी. इंजिनिअर आहो मी, झाडांचं पुस्तक वाचता येते मला." त्यांनी गोधडी खांद्यावर टाकली, फळीवरून एक छोटी पत्र्याची डबी काढली आणि उघडून माझ्यापुढे धरली. आत तेलात बुडालेली एक काळीठिक्कर बी होती. तिला आरपार भोक होतं आणि भोकातून काळा दोरा.

आपल्याकडे डांग्या खोकला झालेल्या मुलांच्या गळ्यात करंजाची बी बांधतात. काकांची मुलगी इथे तान्ही असताना खोकत होती, तेव्हा काकूंच्या आईनं वर्ध्याकडच्या त्यांच्या गावाहून ही बी ओवून पाठवली होती. खोकला औषधानं गेला. मुलगी मोठी झाली, आता सिॲटलला असते. दोरा काकूंच्या कपाटात राहिला. मग त्यांची आई वारली.

"तेव्हा आमचे ग्रीन कार्डाचे कागद अडकले होते. शालू गेली असती तर परत येता आलं नसतं. पोरगी शाळेत. नाही गेली. तिसऱ्या दिवशी तिनं ती बी काढली आणि डेकवरच्या कुंडीत लावली, दोऱ्यासकट. मी काही बोललो नाही. भोक पाडलेली बी उगवते काय? तीही सात वर्षं जुनी." काकांनी डबीचं झाकण लावलं. "अन् वसंतात कोंब आला. शालू त्या दिवशी हसली. किती महिन्यांनी हसली असेल. पुढे कुंडी बदलताना मला खाली ही सापडली, जशीच्या तशी. कोंब दुसऱ्याच कशाचा होता."

"मग काकूंना सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? की तुझ्या आईची बी उगवली नाही म्हणून?"

मला पुढचं विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही. "मग हे एवढं करंजपुराण?"

काका पहिल्यांदा थोडे हसले. "मी नागपूर शहरातला माणूस. मला करंज अन् कडुनिंब ओळखता येत नव्हते. पण कुणी शंका घेऊन तिच्यासमोर बोललं असतं तर? म्हणून वाचलं सगळं. माणूस इतका बोलून राहिला म्हटल्यावर त्याच्या झाडाकडे कोण पाहते? मग वाचता वाचता आवडूनच गेला नं करंज."

तेल चोळण्याचं कारणही कळलं. भुंगेरा याला लागू नये म्हणून. तेलानं वाचलं की नशिबानं, हे मला सांगता येणार नाही, पण गल्लीतला तेवढा एकच ॲश वाचला आहे.

मी मुळांचं सांगितलं. काकांचा हात थांबला. "मरेल?" त्यांनी विचारलं. मग बनियनच्या तुकड्याला हात पुसले. "बाहेर लावलं तर शालू म्हणेल, करंज अन् बर्फात? काय उत्तर देऊ तिला?"

निघताना काकूंनी स्वयंपाकघरातून हाक मारली. वडीचं सारण करत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझी आई ओळखून गेली नं?"

मी उगाच विचारलं, "काय ओळखून?"

"अगं, माझ्या माहेरी दारात करंज होता. मी त्याच्याखाली वाढली. पहिली चार पानं आली तेव्हाच समजलं मला." कोथिंबिरीवर त्यांची सुरी तशीच चालू होती. "आई गेली तेव्हा हे माझ्याशी बोलायला भीत. मी रडेन म्हणून. ऑफिसमधून आले की पेपर तोंडासमोर धरून बसत. झाड आलं अन् बोलायला लागले. करंजाचंच बोलत, पण बोलायला लागले. तो कुंडीतला कोंब पाहून इतके खूश होते की काय सांगू. कोणत्या तोंडानं म्हणू, की अहो, हा करंज नाही?" मग एक वडी माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या, "त्यांना सांगू नको हं. मन हळवं आहे त्यांचं."

मी सांगलीची. माझ्या पोटात तीळ भिजत नाही हे सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. अख्खा हिवाळा मी या दोन घरांमधल्या चाळीस पावलांत तोंड शिवून काढला. काका काच खरवडताना दिसले की मी लांबूनच हात हलवून आत जायचे. फक्त आईला सांगितलं. ती ऐकून उठली आणि उगाचच कुंडीतल्या मनीप्लांटची पानं पुसत बसली.

एप्रिलच्या शेवटी आई परत निघायच्या आधी काका-काकू आमच्याकडे जेवायला आले. जेवणं झाल्यावर आईनं चष्मा काढला. तिनं चष्मा काढला की तोंडी परीक्षा सुरू होते, हे तिच्या विद्यार्थ्यांना विचारा.

"वानखडे, तुमच्या करंजाबद्दल बोलायचं आहे," ती म्हणाली. दोघंही ताठ झाले. "वीस वर्षं एका हवेत काढली की झाड त्या हवेचं होतं. त्याला आता थंडी बाधायची नाही. उलट पिंपात कोंडलं तर जाईल. पानं फुटायच्या आत जमिनीत लावा."

माझ्या आईनं, जिनं अर्धा मार्क कधी फुकट दिला नाही, तिनं एका दमात पेपरच्या पेपर पास करून टाकला.

काकांनी काकूंकडे चोरून पाहिलं. "बॉटनीच्या प्रोफेसर आहेत शालू. त्या म्हणतात म्हणजे..."

"म्हणजे तसंच असेल," काकू घाईनं म्हणाल्या. "त्यांना काय कमी समजते?"

शनिवारी सगळे जमले. ईमेलचा विषय होता 'करंज बाहेर'. काकांच्या अंगणात, पूर्वी जिथे ॲश होता त्या जागेपाशीच, खड्डा खणला. महेशनं आणि बाकीच्यांनी पिंप कापून काढलं, आईनं मुळांची गाठ सुरीनं मोकळी केली, गाडा शेवटचा हलला आणि झाड खड्ड्यात उभं राहिलं. माणसं हात धुवायला आणि वड्या खायला वळली. खड्ड्यापाशी काका, काकू आणि मी उरलो.

काकांनी खिशातून डबी काढली. पाठ काकूंकडे केली, वाकले, आणि मुळांशेजारी काहीतरी अलगद सोडलं. काळ्या दोऱ्याचं टोक मला दिसलं. जिथे मला दिसलं तिथे काकूंना दिसलं नसेल असं मी म्हणणार नाही.

"काय टाकलं हो?" काकूंनी विचारलं.

"पेंड," काका म्हणाले.

"बरं. माती टाका वरून."

त्यांनी माती ओढेपर्यंत काकू रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या, येणाजाणारं कुणी नव्हतं तरी. मग झारी उचलून खड्ड्याशी आल्या. पाणी खोडाशी घालायचं असतं. काकूंनी ते हातभर बाजूला घातलं, काका जिथे वाकले होते नेमकं तिथे, झारी रिकामी होईपर्यंत.